कांदाचाळीतल्या नोंदींसाठी लिनक्स बोर्ड घ्यावा की जुना राउटर वापरावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. निफाडजवळच्या आमच्या कांदाचाळीत चार ठिकाणचं तापमान आणि आर्द्रता दर १० मिनिटांनी नोंदवायची आहे, घरच्या वायफायवरून बघता यावी एवढंच. सेन्सर आरएस-४८५ मॉडबसचे (लांब तारेवरून आकडे पाठवणारे) आहेत, ते जोडायला यूएसबी कन्व्हर्टर हाताशी आहे. विजेचा भरवसा नाही, म्हणून सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि छोट्या सोलर पॅनेलवर.

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड डोळ्यासमोर आहे. ५१२ एमबी रॅम या कामाला भरपूर झाली. पण त्याला ५ व्होल्ट लागतात, म्हणजे मध्ये व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर आला. बोर्डावर घड्याळाची बॅटरी नाही. बंद पडून चालू झाला आणि नेट नसलं की नोंदींच्या वेळा चुकणार, म्हणजे आरटीसी मॉड्यूलही (स्वतःच्या बॅटरीवर वेळ राखणारं घड्याळ) आलं. खरी धास्ती एसडी कार्डाची. लिहिता लिहिता वीज तुटली की फाइल सिस्टीम बिघडते. कार्डावरची मुख्य सिस्टीम (रूट) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी ठेवून नोंदी पेनड्राइव्हवर कोणी लिहिता का?

दुसरा विचार, यूएसबी पोर्टचा जुना राउटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स सिस्टीम). अडॅप्टर १२ व्होल्टचा, म्हणून बॅटरी थेट जोडायचा मोह होतो; पण चार्जिंगच्या वेळी १४ व्होल्टच्या वर जाते, ते राउटर सोसेल का?

ईएसपी३२ (लिनक्स न चालवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर) कृपया सुचवू नका, लिनक्सवर चालणाऱ्या पायथन स्क्रिप्ट तयार आहेत. बजेट ३००० रुपये.