मदत हवी आहे: सीटीसीएफची अँटिबॉडी ब्लॉटमध्ये चालते, चिपमध्ये नाही

नमस्कार मंडळी,

कर्करोगाच्या मानवी पेशींमध्ये सीटीसीएफ डीएनएवर कुठे बसतं ते चिपने, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन त्याला बांधलेल्या डीएनएसकट ओढून काढून, शोधतोय. हे प्रथिन अकरा झिंक फिंगर्सनी (जस्त धरणारे बोटांसारखे भाग) डीएनए धरतं आणि कोहेसिन या प्रथिनसंकुलाच्या जोडीने क्रोमॅटिनचे (डीएनए आणि त्यावरची प्रथिनं) लूप कुठे थांबणार ते ठरवतं, त्यामुळे जनुकांच्या नियमनात त्याचं वजन मोठं. अँटिबॉडी सशाची, पॉलिक्लोनल, प्रथिनाच्या सी-टोकाच्या पेप्टाइडविरुद्ध केलेली.

७२७ अमिनो आम्लांचं प्रथिन म्हणजे हिशेबाने ८३ किलोडाल्टनच्या आसपास. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) माझा बँड १३० ते १४० च्या दरम्यान येतो, एकच आणि ठसठशीत. लॅबमधले म्हणतात भलतंच काही पकडतेय, बदलून टाक. खरा छळ मात्र चिपचा आहे. एच१९ जनुकाजवळच्या इम्प्रिंटिंग कंट्रोल रीजनवर (आईवडिलांपैकी कुणाची प्रत चालू राहणार ते ठरवणारा भाग) क्यूपीसीआर (तिथला डीएनए किती आला याची मोजणी) केलं, तर सिग्नल आयजीजीच्या (तुलनेसाठीची, सीटीसीएफ न ओळखणारी अँटिबॉडी) वर सरकतच नाही. त्याच क्रोमॅटिनवर हिस्टोन एच३ ची अँटिबॉडी छान चालते. मग दोष कुठे? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

बँडवरून अँटिबॉडी टाकू नका. सीटीसीएफ एसडीएस जेलमध्ये हिशेबापेक्षा बरंच वर धावतं, १३०च्या पुढचा बँड अपेक्षितच आहे. पण नुसती उंची म्हणजे पुरावा नव्हे. एसआयआरएनए देऊन (म्हणजे सीटीसीएफ कमी करून) तोच बँड फिका पडतो का बघा. पूर्ण नॉकआउटच्या (जनुकच बंद पाडण्याच्या) मागे लागू नका, सीटीसीएफशिवाय पेशी तगत नाहीत. बोरिस हे त्याचं भावंड झिंक फिंगर्सच्या भागात फार सारखं आहे, टोकं मात्र वेगळी. तुमचं पेप्टाइड टोकाचं आहे, ही जमेची बाजू.

एच३ चाललं म्हणून चिप ठीक, असं मी धरणार नाही. हिस्टोन मुबलक असतो आणि डीएनएला घट्ट बिलगलेला असतो. ब्लॉटमध्ये एसडीएसने प्रथिन उलगडलेलं असतं, चिपमध्ये ते घडी घातलेलं आणि वर फॉर्मल्डिहाइडने बांधलेलं. फॉर्मल्डिहाइड लायसिनवर बसतं. पेप्टाइडमध्ये लायसिन असतील तर एपिटोप (अँटिबॉडी जिथे बसते तो भाग) झाकला जाऊ शकतो. आधी फिक्स न केलेल्या न्यूक्लिअर अर्कातून आयपी (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढणं) करून ब्लॉट लावा. तिथे प्रथिन आलं तर संशय फिक्सेशनवर. तिथेही नाही आलं, तर ही अँटिबॉडी घडीतलं प्रथिन ओळखत नाही, चिपसाठी तपासलेली दुसरी घ्या.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटतं, पण मला तुमच्या जागेचीच शंका आहे. एच१९ च्या त्या भागात सीटीसीएफ फक्त आईकडून आलेल्या प्रतीवर बसतं. वडिलांकडची मिथिलेटेड (डीएनएवर मिथाइल गट बसलेली) असते आणि मिथिलेशन त्याला बसू देत नाही. कर्करोगाच्या काही पेशींमध्ये दोन्ही प्रती मिथिलेटेड झालेल्या असतात. तसं असेल तर अँटिबॉडी कितीही चांगली असो, सिग्नल येणार कुठून? मिक जनुकाच्या प्रमोटरच्या वरच्या बाजूची जागा घेऊन बघा, आणि सीटीसीएफ नसलेली एक जागाही सोबत ठेवा. शिवाय सोनिकेशनच्या (ध्वनिलहरींनी क्रोमॅटिन तोडण्याच्या) बफरमध्ये एक टक्का एसडीएस असेल तर आयपीआधी दहापट पातळ करताय ना?

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पातळ करतो. मिथिलेशनचा विचार डोक्यातच आला नव्हता, आता मिकचे प्रायमर मागवतो. आयपीनंतरचं सुपरनेटंटही (वर उरलेला द्रव) ब्लॉटवर लावावं का?

प्रतिसाद १

नक्की लावा, इनपुटच्या (आयपीआधीच्या नमुन्याच्या) शेजारच्याच लेनमध्ये. सीटीसीएफ सगळं सुपरनेटंटमध्येच राहिलं असेल तर बीड्सवर (अँटिबॉडी धरणाऱ्या मण्यांवर) काही आलंच नाही, हे तिथेच दिसेल.