अमेरिकेतली दारूबंदी: १५ मिनिटांत काय बोलू?

वांगीभात: आमच्या अभ्यास मंडळात दर महिन्याला कुणीतरी एक इतिहासातला विषय मांडतं. या वेळी पाळी माझी आणि विषय अमेरिकेतली दारूबंदी, १९२० ते १९३३. जिथं वाचावं तिथं शिकागोचा दारूमाफिया अल कपोन आणि गोळीबार. श्रोते बहुतेक सत्तरीपुढचे. कुठून सुरुवात करू?

दोनकप: ताई, बायकांपासून करा. तिथले सलून म्हणजे दारूचे गुत्ते (हे आधीच सांगा, नाहीतर मागच्या रांगेतले आजोबा शेवटपर्यंत न्हावीच शोधत बसतील). नवरा पगार तिथं उडवून यायचा आणि बाईच्या हातात मतही नसायचं. १८७४ साली बायकांची दारूविरोधी संघटना उभी राहिली. पुढे फ्रान्सिस विलार्ड यांनी ती मताधिकाराच्या मागणीलाही जोडली.

खरी गंमत शेवटाला आहे. बंदी उठवा म्हणून १९२९ साली संघटना काढली तीही एका बाईनेच, पॉलिन सेबिन यांनी. आधी आपल्या दोन मुलांच्या काळजीपोटी त्या बंदीच्या बाजूने होत्या. मग दिसलं की बंदीला मत देणारे पुढारीच घरी पितात आणि पोरं कायद्याला हसतात. मुलांसाठी बंदी हवी म्हणणारी आई मुलांसाठीच बंदी नको म्हणू लागली. माझं ऐकाल तर भाषण याच बाईभोवती बांधा. आणि हो, गुत्ता पुरुषांचा अड्डा होता, पण बंदीतल्या चोरट्या बारमध्ये बायकाही येऊन बसू लागल्या. बंदी मागणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नसेल.

हिशेबनीस: बायका बरोबर, पण तिजोरी विसरू नका. आधी केंद्र सरकारचं बरंचसं उत्पन्न दारूवरच्या करातून यायचं. १९१३ ला आयकर आला आणि बंदी परवडायला लागली. मंदीत आयकर आटला, तशी दारूच्या कराची आठवण झाली. कपोनही १९३१ ला दोषी ठरला तो आयकर बुडवल्याबद्दल! त्याला एवढं एक वाक्य पुरे.

जुनीवही: एक दुरुस्ती. तिथं पिणं गुन्हा नव्हता. बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता. बंदीआधी घरात भरून ठेवलेली दारू खुशाल पिता यायची, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याची सोय. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची. मुंबईतले जुने परमिटवाले श्रोते असतील तर त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. गरिबाच्या वाट्याला मात्र कारखान्यातलं स्पिरिट. कुणी पिऊ नये म्हणून सरकारनेच त्यात विष मिसळायला लावलेलं. माणसं मेली तरी थांबवलं नाही. यावर जरा थांबा, घाईने पुढे जाऊ नका.

टेकडीपल्याड: 'सपशेल फसली' म्हणू नका एवढीच विनंती. सुरुवातीच्या वर्षांत पिणं बरंच घटलं होतं, यकृताच्या आजाराचे मृत्यूही कमी झाले होते. आणि कितीतरी गावं, परगणे आधीच मतदान घेऊन कोरडे झाले होते, आपल्या 'आडव्या बाटली'सारखे. गावाने स्वतः ठरवलेलं शिकागो-न्यूयॉर्कवर लादलं, तिथं घोडं अडलं. १९३३ नंतरही मिसिसिपी राज्याने आपली बंदी १९६६ पर्यंत चालवलीच की.

दोनकप: चालवली, पण चोरट्या दारूवर राज्य कर घ्यायचं! बंदीही आणि वसुलीही.

वांगीभात: हे भारी आहे, घेतेच. सेबिनबाईंपासून सुरू करते, स्पिरिटवर थांबते. पुतण्या म्हणतोय, कपोनचा फोटो तरी लाव.

हिशेबनीस: लावा. खाली 'थकबाकीदार' लिहा.