यहूदाच्या पापात शेजारची राष्ट्रं का भरडली गेली? (यहेज्केल 25)

ऐरोलीकर:
आमच्या ऐरोलीतल्या बायबल स्टडीत सध्या यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे आणि 25 व्या अध्यायाला गाडी अडलीय. अम्मोन, मवाब, अदोम, पलिष्टी, पुढे सोर आणि सीदोन, सगळ्यांना एकेक करून शिक्षा. पण मूळ घोळ यहूदाने, म्हणजे यरुशलेमच्या राज्याने घातला ना, मूर्तिपूजा त्यांची, गरिबांना लुबाडणं त्यांचं, मग आजूबाजूचे का मेले? आमच्यातले एक काका "सुक्याबरोबर ओलंही जळतं" म्हणून मोकळे झाले, मला काही पटलं नाही. कुणी नीट सांगा, प्रवचन नको प्लीज.

घोडबंदरवाला:
आधी 17 वा अध्याय वाचा, मग 21 वा, आणि मगच 25 ला या. यहूदाच्या सिद्कीया राजाने बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाशी शपथ घेऊन करार केला आणि मग घोडे नि सैन्य मागायला मिसरला (इजिप्तला) माणसं पाठवली, आणि देव त्या शपथेला "माझी शपथ" म्हणतो बरं का, समोरचा परका राजा असूनही. आता त्याच काळातल्या यिर्मया संदेष्ट्याचा 27 वा अध्याय बघा, अदोम, मवाब, अम्मोन, सोर, सीदोन यांचे वकील यरुशलेमेत सिद्कीयाकडे आलेले, बंडाची खलबतं असावीत असं बरेच अभ्यासक मानतात, आणि यिर्मया त्या सगळ्यांच्या राजांना जू पाठवून सांगतो की बाबेलपुढे मान वाकवा. म्हणजे शेजारी काही बाहेर उभे नव्हते. ठाण्यात रिडेव्हलपमेंट रखडलेल्यांना हे लगेच कळेल, एकाने शब्द फिरवला की भाड्याचे चेक सगळ्यांचेच बंद.
आणि 21 मधला सीन तर जबरदस्त आहे. बाबेलचा राजा दोन रस्ते फुटतात तिथे उभा, एक रस्ता अम्मोनच्या राब्बा शहराकडे, दुसरा यरुशलेमकडे, तो बाण हलवून कौल लावतो, बळीचं काळीज बघतो, आणि कौल निघतो यरुशलेमचा. अम्मोन थोडक्यात वाचला. त्यावर त्याने काय केलं? बाबेलने यरुशलेम फोडलं, मंदिर भ्रष्ट झालं, तेव्हा "अहा!" म्हणाला (25:3). शिक्षा त्या "अहा"ची आहे, यहूदाच्या मूर्तींची नाही.

नेरूळची ताई:
हे बरोबर, पण सगळं राजकारणावर ढकलू नका. यहेज्केल 16:51-52 मध्ये देव यरुशलेमला म्हणतो की तुझ्यामुळे शोमरोन आणि सदोम ही पापासाठी बदनाम शहरंसुद्धा नीतिमान वाटायला लागली. मला हे जास्त भयंकर वाटतं. ज्यांच्याकडे देवाचं नियमशास्त्र होतं तेच असे वागले तर बाकीच्यांनी लाज कशाची बाळगायची? आणि 36:20, हे लोक जातील तिथे देवाचंच नाव खराब झालं, लोक म्हणायला लागले हीच का परमेश्वराची माणसं. पापाने शेजाऱ्याचं घर जळलं नाही तरी त्याची फूटपट्टी बिघडते.

टेंभीनाका:
मी बेने इस्राएल, म्हणजे इथला मराठी ज्यू, आमचं 1879 चं सिनेगॉग इथेच टेंभी नाक्याला. याकोब आणि एसाव भेटतात तो पराशा (तोराहचा आठवड्याचा पाठ) येतो त्या शब्बाथला आम्ही ओबद्या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो, अख्खं पुस्तक 21 ओळींचं, आणि सगळा राग अदोमवर, म्हणजे याकोबाच्या भावाच्या, एसावाच्याच वंशावर. काय केलं अदोमने? आधी लांब उभा राहून बघितलं, मग लुटीत हात मारला, मग पळणाऱ्यांना गाठायला फाट्यावर जाऊन उभा राहिला आणि वाचलेल्यांना शत्रूच्या हवाली केलं. शहर फोडलं बाबेलने, पण ओबद्याचा राग सख्ख्या भावावर. यहूदाने माती खाल्ली हे आमचेच संदेष्टे सांगतात, ते कुणी लपवत नाही, पण त्याने अदोमला सूट मिळत नाही.

ऐरोलीकर:
ओके, अदोम पटलं. पण सोर? तो फक्त म्हणाला की यरुशलेमचं दार मोडलं, आता माझी भरभराट (26:2). व्यापाऱ्याने असा विचार केला तर त्यात एवढं काय?

नेरूळची ताई:
आमोस संदेष्ट्याचं 1:9 बघा, दीडशेहून जास्त वर्षं आधीच सोरवर आरोप आहे, बंधुत्वाचा करार विसरून गावंच्या गावं अदोमच्या हवाली केली. आणि यहेज्केल 27 मध्ये सोरच्या बाजाराची यादी आहे त्यात 13 व्या ओळीला माणसंही विकायला आहेत.

घोडबंदरवाला:
त्याच यादीत 17 वी ओळ पण वाचा. गहू, मध, तेल सोरला कोण पुरवत होतं? यहूदाच. ज्याचं दार मोडल्यावर खूश झाला तोच त्याचा सप्लायर होता.