चार्जर लावलाय, पण लॅपटॉप ओळखेना : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी घरून बघते. २० तारखेला जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा असतो. १८ च्या रात्री लॅपटॉप सुरू केला तर विंडोज यायच्या आधीच स्क्रीनवर ओळ : अडॅप्टरचा प्रकार समजत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही. अडॅप्टरचा दिवा लागलेला, बटण चालू, आणि टक्के मात्र उतरतायत. एक एंट्री टाकायला मिनिटभर लागत होतं. सकाळी एका दुकानात दाखवला. दहा मिनिटांत मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि साडेसात हजारांचा आकडा दिला. मी रडकुंडीला आले होते. शेजारच्या मुलाकडे त्याच कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर होता, तो सहज लावून पाहिला, तर लगेच चार्जिंग सुरू! बोर्डाला काहीच झालेलं नव्हतं. माझ्या चार्जरची वायर पिनेच्या मानेपाशी रोज वाकून आतून तुटली होती.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर इथे जरूर लिहा. काय बिघडलं होतं आणि कशानं सुटलं, दोन्ही लिहा.

नवी पेठ, दुरुस्तीचं काम करतो

ताई, तुमच्यासारखी केस आठवड्याला एक तरी येते. डेल, एचपीच्या गोल जॅकच्या बऱ्याच चार्जरना मधोमध एक बारीक पिन असते. लॅपटॉपला लागणारे १९.५ व्होल्ट तिच्यातून जात नाहीत. ती फक्त चार्जरची ओळख सांगते. डेलच्या चार्जरमध्ये तर त्यासाठी छोटी चिप असते, तिच्यात चार्जर किती वॅटचा ते लिहिलेलं असतं. या पिनेची तार सगळ्यांत बारीक, त्यामुळे आधी तीच तुटते. करंट येत राहतो, म्हणून दिवा लागतो. ओळख पटली नाही की लॅपटॉप बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेगही पाडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "लय स्लो झालाय, विंडोज मारून द्या." विंडोज मारून यातलं काही सुटत नाही.

घरी बघायचं असेल तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच मॉडेलना एफ२, काहींना एफ१०. तिथं बॅटरीच्या पानावर अडॅप्टर ६५ वॅट, ९० वॅट असं दिसतं. तिथंच 'अननोन' असेल तर दोष चार्जरमध्ये, लॅपटॉपच्या जॅकमध्ये (चार्जर खोचायची जागा) नाहीतर बोर्डात. तिथं बरोबर दिसत असेल तरच विंडोजकडे वळा : डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालची एसीपीआयवाली नोंद अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, ती आपोआप परत येते.

दुसऱ्याच्या चांगल्या चार्जरनंही ओळखलं नाही तर आधी जॅक बदलून बघायला सांगा. पुष्कळ मॉडेलमध्ये जॅक छोट्या वायरसकट वेगळा येतो, बोर्डात नुसता खोचायचा असतो. बोर्डाचं नाव सगळ्यांत शेवटी.

भद्रावती पेठ

आमच्या घरात खाली माग चालतात आणि मी वर अभ्यास करते. माझा लॅपटॉप सी टाइपचा. महिनाभर चार्जर धरून बसावं लागायचं, जरा हललं की बंद. केबल बदलली, तरी तेच. शेवटी काकांनी टॉर्च मारून बघितलं तर पोर्टच्या तळाशी कापसाची तूस दाबून बसलेली, अगदी नमद्यासारखी. लॅपटॉप पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकनं हळूहळू काढली. त्यानंतर पिन 'टक्' करून बसायला लागली. मागाच्या घरात राहणाऱ्यांनी हे आधी बघा. सुई, पिन असलं धातूचं काही आत घालू नका.

होटगी रोड

सी टाइपवाल्यांसाठी अजून एक. वडिलांनी मला फोनचा १८ वॅटचा चार्जर दिला होता. लॅपटॉपला सहसा २० व्होल्ट देऊ शकणारा चार्जर लागतो, फोनचा बऱ्याचदा ९ व्होल्टवरच थांबतो. केबलचंही तसंच : साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंत. त्यापुढं ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. आणि माझ्या लॅपटॉपला सी पोर्ट दोन आहेत, पण चार्जिंग एकातूनच होतं!

जुळे सोलापूर

वीज दोनतीनदा गेली-आली आणि चार्जर ओळखेना झाला. चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं. पुन्हा लावला, चालू.

रेल्वे लाइन्स, निवृत्त शिक्षक

माझा ८० टक्क्यांवर थांबायचा. तो बिघाड नव्हता. बॅटरी टिकावी म्हणून तशी मर्यादा घालता येते, ती कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालू होती.

विडी घरकुल

पत्र्याचं घर, मे महिना, बाहेर ४२. दुपारी चार्जिंग थांबायचं, रात्री सुरू व्हायचं. उन्हामुळं असेल म्हणून सोडून दिलं. बॅटरी फार तापली की चार्जिंग थांबतं, हे खरंच आहे. पण पुढं टचपॅड वर उचलल्यासारखा दिसायला लागला, क्लिक होईना. उघडल्यावर कळलं, बॅटरी फुगली होती. कुणाला टचपॅड किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जर लावूच नका, दाबून बसवायला जाऊ नका. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. माझी बहीण तो लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायची. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रिटर्न १९ लाच भरला. नवी पेठवाले दादा, माझा जुना चार्जर टाकून देऊ का?

नवी पेठ

टाकू नका ताई. टोकाची वायर वेगळी मिळते. फक्त जोडताना समोर थांबा आणि तिन्ही तारा जोडून घ्या. काहीजण दोनच जोडतात, मधली सोडून देतात. मग दिवा लागतो आणि तीच ओळ परत येते.