टेडीच्या नाकाला मेण: फिनिशिंग की झाकपाक?

सुईदोरा, पुसद

आमच्या बचत गटातल्या बाया टेडी शिवतात. कान, हातपाय, पोट यावरून आमच्यात कधी वाजलं नाही. नाकावरून मात्र सरळ दोन तट पडलेत, आणि प्रदर्शनाला माल जाण्याआधी एक काय ते ठरवायचं आहे. म्हणून इथे विचारते.

नाक आम्ही दोऱ्यानेच भरतो, त्याबद्दल वाद नाही. वाद त्यानंतरचा. निम्म्या बायांचं म्हणणं असं की भरलेल्या नाकावर मधमाशीचं मेण घासायचं, हेअर ड्रायरने दोऱ्यात मुरवायचं, मग कापडाने घोटायचं. चकाकी येते, सुटे दोरे एकजीव दिसतात आणि टेडी परदेशी वाटतो.

माझं मत स्पष्ट आहे: मेण नको. शेवटचा टाका घातला, दोरा आत लपवला की फिनिशिंग संपलं पाहिजे. मेणाखाली काय दडतं ते शिवणारीला चांगलं माहीत असतं. दोन टाक्यांमधून डोकावणारी फर, वाकडी गेलेली वरची कड, मध्येच सैल राहिलेला दोरा. फटी मेणाने बुजतात आणि पुढच्या टेडीला ताण सारखा ठेवायची गरजच वाटेनाशी होते.

दुसरं कारण आपलं ऊन. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण मऊ पडायला एवढी उष्णता लागत नाही. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. टिनाच्या खोलीत, बंद खोक्यात काय होत असेल ते तुम्हीच बघा. मऊ मेणाला धूळ चिकटते, कापसाचे तंतू चिकटतात. काळ्या नाकावर ते सगळं उठून दिसतं.

तुम्ही काय करता?

भरतकामवाली, वर्धा

ताई, उन्हाचा मुद्दा मान्य. झाकपाकीचा अजिबात नाही.

मेण लावून खराब टाका लपतो असं ज्यांना वाटतं त्यांनी मेण थापलेलं असतं. पातळ लावून बघा, उलटं होतं. चकाकीमुळे प्रत्येक उंचवट्यावर उजेड पडतो आणि एक टाका वर आलेला असेल तर तोच आधी दिसतो. मेण न लावलेल्या नाकात तो खपून जातो.

माझी पद्धत सांगते. नाकाभोवतीची फर आधीच बारीक कातरलेली असावी. मग भोवती कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे फरला मेण लागत नाही. मेणाचा खडा टाक्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा कधीच नाही. आडवा फिरवला की दोऱ्याला पिसं फुटतात. ड्रायर लांबून, कमी आचेवर. मेण दिसेनासं झालं की ते दोऱ्यात उतरलं असं समजा. मग सुती कापडाने घोटा. असे पातळ हात दोन-चार वेळा. थंडीत मेणावर पांढरट साय धरते, तिला घाबरू नका. अंगठ्याच्या उबेने ती जाते.

आणि फायदा फक्त दिसण्याचा नाही. टेडीच्या अंगावर सगळ्यात जास्त घासला जातो तो नाकाचा भाग. सुती दोरा घासून घासून फुलतो, त्याचे पदर सुटतात. मेण त्यांना धरून ठेवतं. चांभार दोऱ्याला मेण लावूनच शिवतो, तो काय झाकपाक करतो का?

मूर्तिजापूरचा भाऊ

येवढी झंझट कायले? बजारात प्लास्टिकचं नाक भेटते. मागून वॉशर दाबलं का झालं काम.

सुईदोरा, पुसद

भाऊ, ते नाक टेडीच्या आत भरण घालायच्या आधी बसवावं लागतं आणि वॉशर नीट बसलं नाही तर ओढून निघतं. तीन वर्षांखालच्या लेकरांसाठीच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग घशात अडकेल एवढा लहान नसावा, हा सगळीकडचा नियम आहे. म्हणून तर आम्ही दोऱ्यावर आलो. पुन्हा तिकडे जायचं नाही.

दारव्ह्याची काकू

हे पाय बाई, मेनाचं मले काही म्हनायचं नाई. पन तुमी फर कोनती वापरता थे त सांगा. आमच्याकडे सगळ्याजनी नागपूरहून पॉलिस्टरची फर आनते. तिले ड्रायरची गरम हवा लागली का केसाचे शेंडे वाकडे होते, मंग कितीबी विंचरा, सरळ होत नाई. नाक चमकून राह्यलं अन् भवताल सगळं जळल्यावानी! मेनाचा खेळ मोहेरवाल्याइले परवडते. थ्या बकरीच्या लोकरीले आच सोसते. आपल्या भावात मोहेर बसत नाई न बाप्पा.

अन् एका पोरीनं त मेनात काजळ कालवलं होतं, काळंभोर दिसावं म्हून. लेकरानं मुका घेतला का ओठ काळे. असं नोका करू.

भरतकामवाली, वर्धा

काकू, फरचं बरोबर बोललात. त्यासाठीच चिकटपट्टी आणि कमी आच म्हटलं. ड्रायर नकोच असेल तर मेण तळहातावर मळून मऊ करा, नाकावर लावा आणि चमच्याच्या पाठीने घोटा. वेळ लागतो पण फर वाचते. काजळाला माझाही विरोध. पण काळ्या दोऱ्यावर पिवळं मेण जाड लागलं तर राखाडी दिसतं हे खरं आहे, लोक काजळाकडे वळतात ते त्यामुळेच. उपाय एकच, कमी लावा.

मास्तर, चिखली

थोडं अवांतर, पण नाकाशी संबंधित. आपण ज्याची नक्कल करतो त्याचं नाक मुळात कसं होतं? १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर बेरीमन यांचं व्यंगचित्र आलं आणि ब्रुकलिनचे दुकानदार मिचटम यांनी ‘टेडी’चं अस्वल विकायला ठेवलं. साधारण त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ या खेळण्यांच्या कंपनीच्या कारखान्यात मोहेरचं, हातपाय हलणारं अस्वल तयार झालं. त्यांच्या सुरुवातीच्या काही अस्वलांना गट्टा-पर्चा या झाडाच्या चिकाचं घडवलेलं नाक होतं. दोऱ्याचं भरलेलं नाक नंतर रूढ झालं. म्हणजे गुळगुळीत, चमकदार नाक ही आजची फॅशन नाही, आणि नुसता दोरा हेच काही एकमेव शुद्ध रूप नाही.

आता आपलं अस्वल. आमच्याकडे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तिकडे मेळघाट, खाली ताडोबा. त्या अस्वलाचं तोंड लांब, फिकट, जवळजवळ बिनकेसांचं असतं. वाळवी ओढून घ्यायला समोरच्या वरच्या दोन दातांची जागा मोकळी असते, आणि धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. छातीवर पांढरट खूण. असा टेडी विदर्भातल्या गटांनी का शिवू नये? मग त्रिकोणी काळं नाक चकाकतं की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

सुईदोरा, पुसद

मास्तर, कल्पना चांगली आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा. प्रदर्शनात गिऱ्हाईक ‘टेडी’ मागतं. आणि त्या लांब तोंडाच्या टोकालाही नाक भरावंच लागेल!

भरणवाली, धामणगाव

दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या मते तुम्ही चुकीच्या जागी भांडताय. नाक बिघडतं ते तोंडाच्या भरणामुळे. मेण आणि टाका पुढच्या गोष्टी.

जुन्या जर्मन अस्वलांमध्ये लाकडाचे बारीक लांब तंतू ठासून भरलेले असत. मुस्कट दगडासारखं टणक. त्यावर दोरा कितीही ओढा, खालचा पाया हलत नसे. आपण पॉलिस्टर फायबर भरतो, तेही हलकं, कारण गिऱ्हाइकाला मऊ टेडी हवा असतो. पोट मऊ ठेवा की, तोंड कशाला? मऊ मुस्कटावर पहिला टाका ओढला की तिथे खळगा पडतो. शेजारचा टाका त्या खळग्यात घसरतो. मग तिसरा जास्त ताणायचा, चौथा सैल सोडायचा, आणि शेवटी सगळ्यावर मेण घासायचं. सुईदोरा ताईंना जी झाकपाक दिसते ती इथून सुरू होते.

कापूस आपल्या घरचा आहे म्हणून काही जणी तोच भरतात. त्याच्या गाठी होतात, धुतला की वाळत नाही. पण नाकाखाली, नाकाच्याच जागी, पिंजलेल्या कापसाची घट्ट वळलेली गोळी मी ठेवते आणि तिच्यामागे फायबर काडीने ठासते. अंगठ्याने दाबल्यावर दबलं तर अजून भरा.

मग नाकाच्या आकाराचा फेल्टचा तुकडा डकवा. त्याची कड हीच टाक्यांची सीमा, डोळ्यांच्या अंदाजावर काम नको. खालची फर मुळापासून कातरा. बारा इंची टेडीला ५ नंबरचा पेर्ल (भरतकामाचा पीळदार, चमकदार) दोरा, छोट्याला त्याहून बारीक, ८ नंबरचा. सुरुवात बरोबर मधल्या रेषेवरून. आधी एक बाजू कडेपर्यंत, मग परत मध्यावर येऊन दुसरी. एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे जात राहिलात तर नाक हमखास तिरकं जातं. टाके उभे घाला, एकाला एक खेटून, पण एकावर एक चढू देऊ नका. चढला तर ओढू नका, सुईच्या बोथट टोकाने बाजूला सरकवा. शेवटी वरच्या कडेवर एक आडवा टाका घाला, म्हणजे सगळ्या टाक्यांची वरची टोकं एका रेषेत बसतात. बाहेर गाठ मारू नका. सुई डोक्यातून दोन-तीनदा आरपार फिरवा, दोरा ताणून कातरा, टोक आपोआप आत जातं.

एवढं केल्यावर मेण लावा नाहीतर लावू नका, मला फरक पडत नाही.

भरतकामवाली, वर्धा

भरणवाली ताई, हे सोन्यासारखं लिहिलंत. फक्त शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. फरक पडतो. तुमचं एवढं सुरेख भरलेलं नाकही लेकराच्या हातात वर्षभर गेलं की केसाळ दिसायला लागतं. धुतल्यावर तर जास्तच.

सुईदोरा, पुसद

मग तुमच्या मेणाचं धुतल्यावर काय होतं? गरम पाण्यात टाकला की मेण सुटून फरवर येणार. आमच्या भागात लोक टेडी परकरासारखा बादलीत पिळतात, हाताने पुसा म्हणून चिठ्ठी लावली तरी. घासून केसाळ झालेलं नाक मी दोन नवे टाके घालून दुरुस्त करीन. मेण मुरलेल्या दोऱ्यावर नवा दोरा घाला बरं! सुई आत जाते ती ओढायला पक्कड लागते, आणि नवा-जुना दोरा कधीच जुळत नाही.

स्टॉलवाली, नागपूर

विकणारी म्हणून दोन शब्द. टेडी उचलला की गिऱ्हाईक पहिलं बोट नाकावर ठेवतं. चकाकणारं नाक शोकेससाठी घेणाऱ्यांना आवडतं. आई-बाप लेकरासाठी घेत असतील तर ‘हे काय लावलंय?’ म्हणून वास घेऊन बघतात. म्हणून मी दोन प्रकार वेगळे मागवते, आणि चिठ्ठीवर ‘शोभेसाठी’ की ‘खेळण्यासाठी’ ते लिहायला सांगते.

आणि हो, २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. नाकावर भांडून झालं की तेवढी नोंदणी तपासून घ्या.

सुईदोरा, पुसद

नोंदणीचं बघतेच, धन्यवाद. दोन प्रकारांना मात्र माझा विरोध. त्याच बाया, तेच हात. ‘शोभेच्या’ नाकावर फट चालते अशी एकदा सवय लागली की ती खेळण्याच्या नाकावर येणारच.

दारव्ह्याची काकू

हे त खरं हाय.

भरतकामवाली, वर्धा

मग असं करा. तुमच्या हातची, भरणवाली ताईंच्या पद्धतीने केलेली दोन डोकी पाठवा. एकाला मी मेण लावते, दुसरं तसंच ठेवते. दोन्ही परत पाठवते. टिनाखाली तुम्हीच ठेवा, धुवाही तुम्हीच, आणि फोटो इथे टाका.

सुईदोरा, पुसद

पाठवते. फर पॉलिस्टरची आहे, ड्रायर लांब धरा.