[मंडळ-यादी] तांदळाच्या गोणीत टोके, शनिवारच्या वाटपाचं काय?

प्रेषक: वहिनी (वाटप)

मंडळी,

दोन नंबरची गोणी उघडली आणि टोके निघाले. वर दोनचार फिरत होते, हात घातला तर खालीही तेच. एक नंबरची अजून शिवलेली आहे, पण शिवणीपाशी बारीक पीठ साचलंय, म्हणजे तिचंही काही खरं दिसत नाही. मसूर आणि साखर व्यवस्थित आहे.

घाऊकवाला म्हणतो, उघडलेली गोणी परत घेणार नाही, शिवलेली आणून दाखवा मग बघू. वाटप करू की थांबवू, एवढंच आज रात्रीपर्यंत सांगा.

आणि कृपा करून "मी तेव्हाच म्हटलं होतं" छापाचे मेल नकोत.

---

प्रेषक: अण्णा

वहिनी, मी तेव्हाच म्हटलं होतं. पाच-पाच किलोच्या पिशव्या घ्या, गोणीच्या फंदात पडू नका. तेव्हा सगळ्यांना किलोमागचा दर दिसत होता.

असो. टोके म्हणजे काही विष नाही. चाळा, पाखडा, स्वच्छ धुवा आणि शिजवा. आमच्या पिढीने निवडूनच खाल्लंय, कोणाला काही झालं नाही. हॉलच्या गच्चीवर दिवसभर उन्हात पसरा, संध्याकाळपर्यंत एक टोका दिसणार नाही. वाटप थांबवायचं काही कारण नाही.

---

प्रेषक: ताई (लॅबवाली)

> संध्याकाळपर्यंत एक टोका दिसणार नाही

दिसणार नाही, कारण ते चालत निघून जातील. अण्णा, विष नाही हे तुमचं बरोबर. त्यांच्यापासून माणसाला रोग होत नाही, चाळून धुतलेला तांदूळ खाल्ला तर चालतो. पण उन्हात पळतात ते मोठे. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आत बसून दाणा पोखरते. चाळणीतून ती पडणार नाही, पाखडून उडणार नाही, डोळ्यांना तर दिसणारच नाही. उबदार हवेत साधारण महिन्याभरात टोका होऊन बाहेर येते.

म्हणजे शनिवारी तुम्ही चकाचक तांदूळ वाटाल आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या घरी एकदम टोके निघतील. शिवाय ते तांदळापुरते राहत नाहीत. शेजारच्या डब्यात गहू असेल तर तिकडे जातात.

उपाय एकच, तोही फुकटचा. फ्रीझर. उणे 18 अंशाला चार दिवस. अंडी, अळ्या, मोठे, सगळे मरतात. मात्र अख्खी गोणी आत कोंबायची नाही, मधला तांदूळ गार व्हायलाच फार वेळ लागतो. दोन-दोन किलोच्या पिशव्या करा, हवा काढून घट्ट बंद करा. चार दिवसांनी बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग उघडा. नाहीतर गार दाण्यावर हवेतलं पाणी बसतं आणि टोके गेले तर बुरशी येते.

---

प्रेषक: नाना

पन्नास किलो तांदूळ कोणाच्या फ्रीझरमध्ये मावणार आहे ते आधी सांगा. माझ्याकडे बघू नका. माझा फ्रीझर भरलेला आहे आणि तो भरलेलाच राहणार. मागे ते मोठं वादळ झालं तेव्हा ज्यांचे फ्रीझर अर्धे रिकामे होते त्यांचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. भरलेला फ्रीझर दार न उघडता 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला जेमतेम 24. फ्रीजचं तर चार तासांतच संपलं. मी मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवतो. थंडीही टिकते आणि वितळल्यावर प्यायला पाणी.

---

प्रेषक: खजिनदार

दोन गोष्टी.

एक. वाटपाच्या तक्त्यात कोणीतरी परस्पर हात घातलाय. साखरेच्या रकान्यात माझे आकडे नाहीत. तक्ता मी ठेवतो, बदल मला कळवा, मी करतो. हे दरवेळी सांगावं लागतं.

दोन. अण्णांचा गोणीवरचा राग मला मान्य नाही, पण गोणी कोणी घ्यावी याचा हिशेब आपण कधीच केला नाही हे खरं. कोरड्या तांदळात 100 ग्रॅमला साधारण 360 कॅलरी असतात. 25 किलोच्या गोणीत 90,000. माणशी दिवसाला 2,000 धरल्या तर चौघांच्या घराला नुसत्या तांदळावर 11 दिवस. संकटासाठी साठा म्हणून बघितलं तर गोणी अजिबात मोठी नाही. पण आपण काही संकटात जगत नाही. रोज अर्धा किलो शिजवणाऱ्या घराला तीच गोणी 50 दिवस पुरते, आणि पाव किलोवाल्यांना शंभर. ताई म्हणते महिन्याभरात पिढी बाहेर येते. मग शंभर दिवसवाल्याने गोणीचा वाटा घेऊन काय वाचवलं? किलोमागे जे सुटलं ते शेवटच्या पाच किलोत फेकलं.

यापुढे वाटा मागताना "महिन्याला किती संपतो" हा रकाना भरावा लागेल. रकाना मी टाकतो.

---

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार, या यादीवर पहिलाच मेल. फ्रीझरला जागा नसेल तर ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या का नाही वापरत? मी वाचलंय की पांढरा तांदूळ असा बंद केला तर 30 वर्षं टिकतो. मी साखर, मीठ, पीठ, डाळ, सगळ्यालाच त्या पुड्या टाकायच्या म्हणतोय. एकदाच वर्षभराचं भरून ठेवलं की कटकट नाही. खर्चही एकदाच.

---

प्रेषक: ताई (लॅबवाली)

> सगळ्यालाच

थांबा! साखरेत टाकू नका, दगड होईल. मिठालाही गरज नाही. साखर, मीठ कोरडं राहिलं की त्यांना काही होत नाही.

पुडीत लोखंडाची भुकटी असते. ती गंजते आणि गंजताना डब्यातला ऑक्सिजन ओढून घेते. हवेत तो जवळजवळ 21 टक्के असतो. तो गेला की किडे गुदमरतात आणि तेल खवट व्हायचंही लांबतं. पण डबा तसा हवा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून हवा हळूहळू आत येतच राहते आणि पुडी थकते. मायलरची पिशवी (चंदेरी, जाड, हवा आत न सोडणारी) किंवा घट्ट झाकणाची काचेची बरणी पाहिजे. आणि पाकीट फोडलं की सगळ्या पुड्या कामाला लागतात, हाताला ऊब लागते बघा. त्यामुळे आधी पिशव्या भरून तयार ठेवायच्या आणि मग पाकीट फोडायचं. उरलेल्या पुड्या लगेच छोट्या बरणीत ठासून बंद.

30 वर्षं हे पांढऱ्या तांदळाचं, तेही थंड जागेत. हातसडीचा तांदूळ सहा महिन्यांत खवट होतो कारण त्याच्या कोंड्यात तेल असतं. पिठाचंही तसंच, विशेषतः कोंड्यासकट दळलेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओलसर काही अशा हवाबंद पिशवीत भरू नका. ओलसर मालात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, त्यांना ऑक्सिजन नसलेलीच जागा लागते. वास येत नाही, रंग बदलत नाही. घरी वाळवलेल्या भाज्या, सुकामेवा भरायचा विचार असेल तर दाताखाली कडक तुटतोय का ते आधी बघा.

---

प्रेषक: नवीन सभासद

धन्यवाद ताई. वर्षभराचं एकदम भरायचं हे तरी बरोबर ना?

---

प्रेषक: वहिनी (वाटप)

त्याचं उत्तर मी देते, कारण आमच्या इमारतीत एका घरी अशी खोली भरलेली मी पाहिली आहे. दारापासून छतापर्यंत डबे. मागच्या रांगेत काय आहे ते घरातल्याच कोणाला सांगता येईना. पुढचं संपलं की बाजारातून नवीन यायचं आणि पुन्हा पुढेच लागायचं. मागच्या डब्यांत टोमॅटोचे टिन होते, दोन तर फुगलेले. उचलून सरळ कचऱ्यात टाकायला लावले, उघडूसुद्धा दिले नाहीत.

महिन्याचं बजेट बेताचं असेल तर एकदम काहीच भरू नका. दर आठवड्याला जे घेता त्यातली एकच वस्तू एक जादा घ्या. या आठवड्यात तेल, पुढच्या आठवड्यात मसूर. नवीन आलेलं मागे, जुनं पुढे, आणि डब्यावर जाड पेनाने महिना आणि वर्ष. झाकणावर लिहू नका. झाकणं बदलतात, अंगावर लिहा. घरात कोणी खात नाही ते स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. ते टोके पडेपर्यंत तिथेच राहतं.

आता तांदळाचं बोलूया का? अजून कोणीही फ्रीझर देतो म्हणालेलं नाही.

---

प्रेषक: अण्णा

> टोमॅटोचे टिन होते, दोन तर फुगलेले

फुगलेले टाकले ते बरं केलं. पण तारीख उलटली म्हणून चांगले टिन टाकणारेही आपल्यात आहेत, नाव घेत नाही. "बेस्ट बिफोर" ही चवीची तारीख, "यूज बाय" ही धोक्याची. दोन्ही एकच समजून लोक पैसे कचऱ्यात घालतात. टोमॅटोसारख्या आंबट गोष्टींचे टिन दीड वर्षापर्यंत चांगले, भाज्या-कडधान्यांचे दोन ते पाच वर्षं. शिवणीवर पोचा असेल, गळत असेल, फुगला असेल, तर तारीख काहीही असो, टाका.

---

प्रेषक: सौ. सचिव

कडधान्यावरून आठवलं. मागच्या वेळच्या वाटपातला राजमा कोणाचा शिजला का? आमचा रात्रभर भिजवून कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली खडे. मी आता स्लो कुकरमध्ये दिवसभर ठेवून बघणार आहे.

---

प्रेषक: ताई (लॅबवाली)

स्लो कुकर नको!! राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळाखळा उकळल्याशिवाय मरत नाही. स्लो कुकरच्या बेताच्या आचेवर ते तसंच राहतं, उलट वाढू शकतं. चार-पाच दाण्यांनीही उलट्या होतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात निदान 10 मिनिटं उकळा (बरेच जण 30 सांगतात), मग हवं तिथे शिजवा.

तो शिजत नाही कारण जुना आहे आणि गरम, दमट जागी पडून होता. अशा कडधान्याची साल आणि आतला भाग असा काही घट्ट होतो की पाणी शिरतच नाही. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा. नाहीच शिजला तर दळून पीठ करा, पण ते पीठही नीट उकळूनच खायचं. आणि हॉलचं ते माळ्याखालचं कपाट धान्याला देऊ नका. तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. तापमान दहा अंशांनी कमी केलं तर बहुतेक कोरडा माल जवळजवळ दुप्पट टिकतो.

---

प्रेषक: सचिव

माळ्याखालचं कपाट कार्यकारिणीच्या ठरावाने धान्याला दिलं आहे. ते बदलायचं तर बैठकीत मांडावं, मेलवर नको. शिवाय त्याची कुलपं मी स्वखर्चाने लावली आहेत.

---

प्रेषक: खजिनदार

कुलपांचं बिल मंडळाने दिलं आहे. पावती माझ्याकडे आहे.

---

प्रेषक: वहिनी (वाटप)

मी ठरवते.

शिवलेली गोणी उद्या घाऊकवाल्याला नेऊन दाखवते. घेतली तर उत्तम. उघडलेल्या गोणीतला तांदूळ चाळून दोन-दोन किलोच्या पिशव्यांत भरणार, ज्याने त्याने आपापल्या वाट्याच्या पिशव्या घरी नेऊन आपल्याच फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवायच्या. वाट्याच्या चारही पिशव्या एकदम मावत नसतील तर दोन आत, दोन बाहेर, मग अदलाबदल. बाहेरच्या पिशव्या दुहेरी बांधा, बाकीच्या धान्यापासून लांब ठेवा. फ्रीझरच नसेल तर ओव्हनमध्ये पातळ थर पसरून 60 अंशाला अर्धा तास. बऱ्याच ओव्हनना एवढं कमी तापमान धरता येत नाही, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर असेल तरच.

ज्यांना टोक्यांचा तांदूळ नकोच आहे त्यांनी उद्या दुपारपर्यंत कळवा, त्यांचा वाटा इतरांना कमी दरात देऊ. दर खजिनदार ठरवतील. मसूर-साखर ठरल्याप्रमाणे शनिवारी. रिकामे डबे घेऊन या, कोरडे, आणि कोपरे-झाकणाच्या खाचा ब्रशने साफ करून. जुन्या पिठाची पूड तिथेच साचते आणि किडे तिथूनच सुरू होतात.

---

प्रेषक: खजिनदार

दर तक्त्यात टाकला. रकाना 'क'. रकान्याला कुलूप आहे.

---

प्रेषक: नवीन सभासद

मी माझा वाटा घेतो, फ्रीझरमध्ये जागा आहे. नानांना एक विचारायचं होतं. चौघांसाठी पाण्याच्या बाटल्या किती ठेवायच्या?

---

प्रेषक: नाना

माणशी दिवसाला चार लिटर धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून. निदान तीन दिवसांचं, म्हणजे चौघांना 48 लिटर. दोन आठवड्यांचं करायला गेलात तर 224 लिटर, म्हणजे 224 किलो वजन. ते फळीवर ठेवू नका, जमिनीवर भिंतीला लागून. फ्रीझरमध्ये फक्त मोकळ्या जागेपुरत्या, तांदूळ निघाल्यावर. आणि बाटली काठोकाठ भरू नका, वर चार बोटं जागा सोडा. पाणी गोठलं की फुगतं, आमच्याकडे एकदा तळाचा कप्पा पूर्ण बर्फाने भरला होता आणि दारच उघडेना.