‘डेथ इन पॅरेडाइज’ आवडणाऱ्यांना मानसिक गुलाम म्हणणाऱ्यांसाठी

गच्चीवरची_पाल (धागाकर्ती)

परवा इथेच एका सदस्यांनी लिहिलं, की ‘डेथ इन पॅरेडाइज’ ही बीबीसीची खुनाच्या तपासाची मालिका म्हणजे गोरा साहेब कॅरिबियन बेटावर उतरतो, काळ्या पोलिसांना अक्कल शिकवतो आणि आपण गहूवर्णी मंडळी सोफ्यावर बसून टाळ्या वाजवतो. मालिका आवडणं हे म्हणे मानसिक गुलामीचं लक्षण. तिथेच उत्तर लिहायला घेतलं तर ते मूळ लेखापेक्षा लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पहिला मुद्दा, तुम्ही मालिका नीट बघितलीय का? त्यातला पहिला इंग्रज इन्स्पेक्टर रिचर्ड पूल त्या उकाड्यात लोकरी सूट घालून, ब्रीफकेस सांभाळत फिरतो. घाम पुसतो, मनासारखा चहा मिळत नाही म्हणून कुढतो, राहत्या झोपडीत हॅरी नावाच्या सरड्याशी बोलतो. हसं कोणाचं होतंय? बेटावर कोणाचं कोणाशी काय चाललंय हे तिथल्या स्थानिक पोलिसाला, ड्वेनला ठाऊक. पूलला गावातला रस्ता धड माहीत नसतो. आणि बेटावरचे वरिष्ठ, कमिशनर पॅटरसन! माणूस येतो, हळू आवाजात एक तिरकं वाक्य टाकतो आणि चालता होतो. समोरचा इन्स्पेक्टर गोरा असो की कुठला, ताठ उभा राहतो.

दुसरा मुद्दा, हे कोडं आहे. एक मुडदा, चार-पाच संशयित, सगळ्यांकडे सज्जड पुरावा की आम्ही तेव्हा तिथे नव्हतोच, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून उलगडा. शब्दकोडं सोडवणाऱ्याला कोणी समाजशास्त्र विचारत नाही.

मी लीड्सला राहते. जानेवारीत इथे चार वाजता अंधारून येतं. बीबीसी नवीन भाग नेमके याच दिवसांत दाखवते, आणि तो निळा समुद्र बघून काय वाटतं हे पुण्यात फेब्रुवारीत पंखा लावणाऱ्यांना कळायचं नाही. आई आली होती तेव्हा रोज एक भाग व्हायचा. इंग्रजी तिला निम्मंच कळतं. पण खुनी तिला माझ्याआधी सापडायचा. तिचा नियम एकच, “जी बाई मेलेल्याचं नाव न घेता रडते, तिच्यावर लक्ष ठेव.” झाली का ती गुलाम?

काजवा_७

ते ‘एक सदस्य’ म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

आई छानच आहेत, पण आईंना पुढे करून वाद जिंकता येत नाही. मालिका २०११ ला सुरू झाली. पूल, गुडमन, मूनी, पार्कर: ओळीने चार गोरे पुरुष. पाचवा, मर्विन विल्सन, पहिला काळा प्रमुख इन्स्पेक्टर, उगवला २०२४ च्या नाताळात. म्हणजे तेरा वर्षं त्या बेटावर वरच्या खुर्चीत बसण्याइतकी अक्कल एकाही स्थानिकाला नव्हती? कमील हुशार, फ्लोरेन्स हुशार. दोघी सार्जंट. साहेब बदलतात, त्या सार्जंटच राहतात.

आणि पहिला भाग आठवा. आधीच्या इंग्रज इन्स्पेक्टरचा खून होतो म्हणून पूलला पाठवतात. खुनी कोण निघतं? स्थानिक सार्जंट लिली. म्हणजे पहिल्याच तासात साहेबाने येऊन दाखवून दिलं की तुमच्याच ठाण्यात साप होता. हे कोडं नाही, बाई, हा जाहीरनामा आहे.

चित्रीकरण ग्वाडलूपमधल्या देएज गावात होतं. ग्वाडलूप आजही फ्रान्सचाच भाग, चलन युरो. गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द झाली, नेपोलियनने १८०२ मध्ये परत आणली, ती १८४८ ला कायमची गेली. मग उसाला मजूर हवेत म्हणून १८५४ पासून जहाजं भरून माणसं आपल्याकडून नेली, बहुतेक तमिळ. मालिकेतलं कॅथरीनचं बार प्रत्यक्षात ज्या रेस्टॉरंटमध्ये आहे त्याचं नाव ‘ल मद्रास’. हे सगळं पडद्यामागे उभं आहे आणि पडद्यावर काय? रमचे ग्लास आणि रंगीत शर्ट.

निवृत्त_ठाणेदार

दोघांनाही नमस्कार. गोरा-काळा तुम्ही बघा, मला त्रास वेगळाच होतो. पंचनामा कुठाय? पंच कुठायत? साहेब मुडद्याजवळचा ग्लास उचलतात, हुंगतात, ठेवतात. आमच्या वेळी असं कोणी केलं असतं तर वरिष्ठांनी तिथल्या तिथे झाडलं असतं. व्हिसेरा राखून ठेवा, कलिनाच्या प्रयोगशाळेला पाठवा, मग महिनोन्महिने वाट बघा, तोवर मयताचे नातेवाईक रोज ठाण्यात येऊन बसणार. इथे दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल हजर.

आणि शेवटचा तो खोलीतला कार्यक्रम. सगळ्यांसमोर खुनी कबूल होतो, बेड्या पडतात. आपल्याकडे पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष अधिनियमात २३. वकील पहिल्या तारखेलाच उडवतील.

काजवा_७

ठाणेदार काका, तो पुरावा कायदा १८७२ चा, इंग्रजांनीच केलेला. भारतातल्या आपल्याच पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा माझाच मुद्दा पुढे नेलात, आभारी आहे.

निवृत्त_ठाणेदार

मी कोणाचाच मुद्दा नेलेला नाही. मी पंचनाम्याबद्दल बोलत होतो.

दुसरी_स्लिप

वसाहतवाद वगैरे चालू द्या, पण ही कल्पना आली कुठून हे कोणीच कसं लिहिलं नाही? लेखक रॉबर्ट थॉरोगुड. २००७ च्या विश्वचषकात पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर (जन्म कानपूरचा, बरं का) किंग्स्टनच्या हॉटेलात मृत सापडले. त्या तपासाच्या बातम्या वाचताना त्याला सुचलं, की ब्रिटिश पोलीस अधिकारी कॅरिबियनमध्ये तपासाला गेला तर काय मजा येईल.

जमैका पोलिसांनी चार-पाच दिवसांत जाहीर केलं की गळा दाबून खून. तपासाचं नेतृत्व मार्क शील्ड्सकडे, म्हणजे आधी स्कॉटलंड यार्डात असलेला इंग्रज. जगभर मॅच फिक्सिंगच्या कहाण्या सुटल्या, पाकिस्तानच्या खेळाडूंचे बोटांचे ठसे घेतले. जूनमध्ये पोलीसच म्हणाले, नैसर्गिक मृत्यू. मानेतलं जे हाड मोडलं म्हणत होते ते शाबूत निघालं. नोव्हेंबरात ज्यूरीने निकाल खुला ठेवला, म्हणजे ना खून म्हटलं ना नैसर्गिक.

तेव्हा काजवाभाऊ, खऱ्या गोष्टीत इंग्रज साहेब होता आणि त्याच्याच देखरेखीखाली घोळ झाला. मालिकेत तोच साहेब दर आठवड्याला अचूक. यातून तुमचं खरं ठरतं की पालताईंचं, तुम्हीच ठरवा.

निवृत्त_ठाणेदार

हे बोललात! आम्ही आधी अकस्मात मृत्यू दाखल करतो. १७४ खाली (नव्या कायद्यात १९४) चौकशी, शवविच्छेदनाचा पक्का अहवाल, त्यानंतर लागलंच तर खुनाचं ३०२ (नव्या कायद्यात १०३). पत्रकार परिषद सगळ्यात शेवटी. ‘खून’ हा शब्द तोंडातून गेला की परत घेता येत नाही. माझ्या हद्दीत एकदा विहिरीत पडलेल्या माणसाचा आदल्या रात्रीच्या भांडणावरून गावाने खून ठरवला होता. पायरीवरचं शेवाळ आणि घसरल्याची खूण नीट बघितली म्हणून एक निरपराध भाऊ वाचला. असो.

बोरिवली_फास्ट

थांबा थांबा. वूल्मर गेले त्याच्या आदल्या दिवशी, १७ मार्चला, पाकिस्तान आयर्लंडकडून हरलं. आणि त्याच दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला आपण बांगलादेशकडून!! १९१ सर्वबाद. खरा खून तिथे झाला. सचिनला सलामीवरून काढून चौथ्या क्रमांकावर ढकलणारे कोण होते ते सगळ्यांना माहितीय. मी प्रशिक्षक चॅपलचं नाव घेणार नाही.

एडन_गार्डन्सचा_जावई

नाव घेतलंत की. आणि सचिनने त्या दिवशी ७ काढल्या. श्रीलंकेविरुद्ध शून्य. क्रमांक कुठलाही असो, चेंडू बॅटला लागायला हवा. उगाच दादाला, गांगुलीला, कोपऱ्यात उभं करायचं.

बोरिवली_फास्ट

दादाचं नाव मी काढलंच नव्हतं, तुम्हीच काढलंत, म्हणजे कुठेतरी टोचतंय. १२९ चेंडूंत ६६. कसोटी चालू होती का?

एडन_गार्डन्सचा_जावई

तो एकटा उभा होता म्हणून १९१ तरी झाल्या. तुमचा देव ड्रेसिंग रूममध्ये पॅड सोडत होता.

बोरिवली_फास्ट

सचिनबद्दल नीट बोला. सासुरवाडीला खूश करायला इथे येऊ नका.

हप्तेवाला_पुतण्या

भांडू नका. आमच्या काकांनी त्या विश्वचषकासाठी हप्त्यावर मोठा टीव्ही घेतला होता. भारत पहिल्याच फेरीत बाहेर, हप्ते पुढे चालूच. काका महिन्याच्या पाच तारखेला द्रविडला शिव्या द्यायचे. काकू म्हणायची, त्या बिचाऱ्याने सही केली होती का फॉर्मवर?

गच्चीवरची_पाल (धागाकर्ती)

अहो!! धागा मालिकेचा आहे. मी लीड्समध्ये रात्री जागून पूलच्या सूटबद्दल लिहायचं आणि तुम्ही इथे सचिनचा क्रमांक ठरवायचा? वेगळा धागा काढा. तिथेही मी येणार नाही.

काजवा, तुमच्याकडे वळते. सार्जंटवाला मुद्दा घ्या, दिला. चार गोऱ्यांचं समर्थन मलाही करता येत नाही आणि करायची हौसही नाही. पण मूनी आयरिश आहे, त्याला इंग्रज साहेबांच्या रांगेत बसवू नका, डब्लिनवाले बदडतील. आणि तुम्ही म्हणता तसा साहेबच श्रेष्ठ असता तर २०१४ च्या पहिल्याच भागात पूलला बर्फ फोडायच्या टोच्याने मारला नसता. कुठली मालिका आपला नायक असा मारते? शिवाय तो गेल्यावर बेट बंद पडलं नाही. कॅथरीनचा बार सुरू, कमिशनर तिथेच. साहेब येतात-जातात, शंभरावा भाग झाला तरी हे दोघं आहेत.

काजवा_७

मारला तो नायक, आणि आणला दुसरा गोरा, त्याच भागात. फार क्रांतिकारक. कमिशनरचं म्हणाल तर ते काम करणारे डॉन वॉरिंग्टन जन्माने त्रिनिदादचे, माणूस थोर, त्यावर दुमत नाही. पण मालिकेत त्यांना काम काय? दारात उभं राहून “गुरुवारपर्यंत निकाल हवा” सांगायचं. म्हणजे बढती अशी, की विचार करायचं काम दुसऱ्याला. आमच्या कचेरीतही असे वरिष्ठ आहेत, त्यांचा मात्र मी चाहता नाही.

आणि ‘नुसतं कोडं’ म्हणू नका. ॲगाथा ख्रिस्तीने १९६४ मध्ये मिस मार्पलला कॅरिबियनला पाठवलं, त्या काल्पनिक बेटाचं नाव सेंट ऑनोरे. इथे मालिकेतल्या काल्पनिक सेंट मरी बेटावरच्या गावाचं नाव ऑनोरे. तेव्हापासून आजपर्यंत बेट म्हणजे इंग्रजाने सुट्टीला जायचं आणि मुडदा शोधायचा. बेटावरच्या माणसाला स्वतःचं काही दुःख असतं हे कोणाला सुचत नाही. ग्वाडलूपमध्ये केळीच्या बागांवर क्लोर्डेकोन नावाचं कीटकनाशक १९९३ पर्यंत मारत होते, खुद्द फ्रान्समध्ये १९९० ला बंदी आली तरी. माती-पाणी अजून नासलेलं आहे, लोक कोर्टात गेले. त्या गुन्ह्यावर एक भाग काढा, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

निवृत्त_ठाणेदार

तो तपास एका तासात होणार नाही. आणि सगळे आरोपी एका खोलीत मावणारही नाहीत.

गच्चीवरची_पाल (धागाकर्ती)

काका, 😀

काजवा, क्लोर्डेकोनचं मला माहीत नव्हतं, वाचेन. पण प्रत्येक मालिकेने प्रत्येक पाप धुवायचं ठरवलं तर जानेवारीत मी बघू काय? आणि खरं सांगा, पहिल्या भागापासून मर्विनपर्यंत तुम्हाला एवढं तोंडपाठ कसं?

काजवा_७

टीका करायची तर अभ्यास लागतो.

दुसरी_स्लिप

शंभरावर भागांचा अभ्यास. बरं.

काजवा_७

ड्वेनसाठी बघतो. त्याची साइडकारवाली मोटरसायकल आवडते. समाधान?

बोरिवली_फास्ट

शेवटचं बोलतो आणि जातो. सचिनने २०१४ च्या आत्मचरित्रात चॅपलना रिंगमास्टर म्हटलंय. वाचा आणि मग बोला.

एडन_गार्डन्सचा_जावई

दादाचं पुस्तकही वाचा म्हणतो मी. शेवटचं कसलं बोलताय, तीनदा म्हणून झालं.

नवीन_सदस्या_मृणाल

नमस्कार, मी आजच वर्गणी भरून पहिला भाग लावला होता. मध्ये चहा टाकायला उठले, म्हटलं तोवर लोक काय म्हणतात बघू. काजवा यांनी खुनी कोण ते सरळ नावानिशी लिहिलंय. धन्यवाद.

काजवा_७

ताई, तो भाग २०११ चा आहे.

नवीन_सदस्या_मृणाल

माझ्यासाठी आज रात्री पावणेदहाचा होता.